लाल टोकाचे खुंट

नाफुलाने कोचीहून आणलेले केळ्याचे वेफर्स घरातल्या सगळ्यांनी आवडीने खाल्ले, एकट्या कल्पिताच्या घशाखाली ते उतरेनात. एरवी वेफर्सचं पाकीट दिसलं की ते रिकामं करूनच उठणारी ही मुलगी. पण त्या दिवशी तिचं कशातच लक्ष नव्हतं. का नव्हतं ते सांगायचं तर थोडं मागे जायला हवं.

नाफुला केनियाची. तिकडच्या विद्यापीठात पीएचडी करत होती आणि ठाण्याच्या खाडीत गाळ किती साठतो ते मोजायला इथे आली होती. चिखल मोजण्यासाठी कोणी समुद्र ओलांडून येतं, यावर गावात पहिले दोन महिने कोणाचा विश्वास बसला नाही. त्याआधी तिने घोडबंदर रोडवरच्या टॉवरांमध्ये खोली शोधून पाहिली होती. एजंट फोनवर गोड बोलायचे, फ्लॅट रिकामा आहे म्हणायचे, आणि ही लिफ्टने वर पोचेपर्यंत तो फ्लॅट गेलेला असायचा. घरं इतक्या झपाट्याने जातात हे बिल्डरांनासुद्धा माहीत नसेल. शेवटी तिच्याबरोबर संशोधन करणारा टिटवाळ्याचा राजरत्न तिला काळुरामकडे घेऊन आला.

काळुराम म्हणजे कल्पिताचे बाबा. हमरस्त्यापासून आत, खाडीकडे उतरणाऱ्या गावात त्यांचं तीन मजली घर. आजोबांपर्यंतची माणसं मिठागरात राबली. आता मिठागर बंद, जमिनीचा काही तुकडा बिल्डरला दिलेला आणि वरचे मजले भाड्याने. बाबांनी नाफुलाकडे नीट पाहिलं आणि एकच गोष्ट विचारली, सुके बोंबील चालतात का. ती चालतात म्हणाली. खोली मिळाली.

वर्षभरात ती घरातलीच झाली. कल्पिताची आई सगुणा, तिला नाफुला म्हणता येत नव्हतं असं नाही, तिला ते म्हणायचंच नव्हतं. तिने सरळ फुला करून टाकलं. नाफुलाच्या देशात मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा शिजवून भाजीबरोबर खातात. इथे तसं पीठ मिळेना, म्हणून तिने तांदळाच्या पिठावर भागवलं. आईने घास तोंडात टाकला आणि ही तर आमची उकड, पोरगी नुसती मिरची विसरली, असा निकाल दिला. नाक्यावर अनोळखी पोरं सेल्फी मागायची तेव्हा नाफुला आधी हसून उभी राहायची, मग कंटाळली; मग कल्पिता त्यांना अशा शब्दांत झापू लागली की घरी आल्यावर त्या शब्दांचे अर्थ विचारून घ्यावे लागत. रविवारी दोघी डोंबिवलीला फडके रोडवर भटकायच्या, चपला बघायच्या आणि न घेता परत यायच्या. स्वतःच्या आईची फार आठवण आली की नाफुला फोन कानाला लावून गच्चीत येरझारा घालायची. अशा वेळी कल्पिता वर जाऊन काही न बोलता दोरीवरचे वाळलेले कपडे काढत बसायची. दोघींची मैत्री ही अशी, फारशी न बोलता झालेली.

नाफुलाचं काम होतं गावच्या जुन्या मिठाच्या आगरात. मीठ पिकवणं थांबलं तसं तिथे खारफुटीची तिवरं उगवली होती आणि भरतीबरोबर गाळ येऊन बसत होता. तिने पांढऱ्या प्लास्टिक पाइपचे खुंट तिथे ठिकठिकाणी ठोकले होते. दर अमावास्येला, मोठ्या ओहोटीच्या वेळी, ती पट्टी घेऊन तिथे जायची. कल्पिता एकदाच बरोबर गेली होती. गुडघ्यापर्यंत रुतली, एक सँडल कायमची आत गेली, आणि पुन्हा नाव काढायचं नाही असं तिने बजावलं. ती वागळे इस्टेटमधल्या एका पॅकेजिंग कंपनीत अकाउंट्स बघायची. आजोबांचा जन्म त्या चिखलात गेला म्हणून तर आपण एसीत बसतो, असं तिचं साधं म्हणणं होतं.

डिसेंबरात नाफुला दोन आठवड्यांसाठी कोचीला एका प्रशिक्षणाला गेली. जायच्या आदल्या दिवशी तिने घाईघाईत एक काम उरकलं. खुंटांवर शेवाळ धरलं होतं, तिवरांच्या दाटीत ते सापडत नव्हते, म्हणून तिने हार्डवेअरच्या दुकानातून तेलरंग आणला आणि प्रत्येक खुंटाचं टोक लाल केलं. त्याखाली लाल रंगानेच क्रमांक घातले. घरी कोणाला सांगायचं तिच्या डोक्यातही आलं नाही. सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय?

होतं. मागे रस्ता रुंद झाला तेव्हा त्याची सुरुवात लाल रंग लावलेल्या दगडांनीच झाली होती. एका सकाळी ते दगड शेतात उभे दिसले, आणि त्यानंतर शेत राहिलं नाही. तेव्हापासून बाबांना लाल रंगाची टोकं दिसली की त्यांचं डोकं फिरायचं. आगराच्या हक्काचा दावा आधीच कोर्टात पडून होता. त्यात कोणीतरी येऊन सांगितलं की आगरात लाल खुंट ठोकलेत, वर आकडे घातलेत.

"लाल रंग म्हंजे सरकार," बाबा म्हणाले. "आनि सरकार आलं म्हंजे जमीन गेली."

त्या रविवारी सगळी भावकी आगरात उतरली. कल्पिताही. हो, तीच, जी चिखलाचं नाव काढू नका म्हणत होती. तिला त्या दिवशी वेगळाच चेव चढला होता. आजोबांची जमीन, आपली जमीन, असं काहीबाही तिच्या मनात उसळत होतं. तिने दोन्ही हातांनी खुंट उपटले, तोंडावर चिखल उडाला तरी हसली. नाफुलाचे खुंट पांढरे होते, हे लाल. हे नवे कोणाचे तरी, इतकाच विचार तिने केला. खरं तर तेवढाही केला नाही.

उपटलेले खुंट अंगणात आणून टाकले. आईला दुधीच्या मांडवासाठी ते बरे वाटले, म्हणून ती नळाखाली धूत बसली. धुता धुता तिने कल्पिताला हाक मारली आणि एका खुंटावरचा सात दाखवला. त्या साताच्या पोटात आडवी रेघ होती. वरच्या मजल्यावरच्या पाण्याच्या जारवर, दुधाच्या हिशेबाला लावलेल्या कॅलेंडरवर, सगळीकडे नाफुलाचा सात असाच असायचा. कल्पिता तिथेच पायरीवर बसली.

मग धावाधाव. तिने बाबांना पटवलं, की उद्या-परवा नाफुला येईल, त्याआधी होतं तसं करून ठेवू. बाबा कुरकुरले, पण पोरीचं काम बिघडावं असं त्यांनाही वाटत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारून ती बाबांबरोबर ओहोटीला आगरात उतरली. जुनी भोकं अजून दिसत होती. कुठला क्रमांक कुठे होता ते उपटणाऱ्यांना विचारून, आठवून, वाद घालून त्यांनी एकेक खुंट आपापल्या भोकात घातला. बाबांनी दगडाने प्रत्येक खुंट दणादण ठोकला आणि आता कोणी हलवून दाखवावा, असं वर म्हणाले. कल्पिताला हायसं वाटलं. घरी येऊन ती शांत झोपली.

आता वेफर्सपाशी परत येऊ. कोचीहून आल्या आल्या नाफुला आगरात गेली, अमावास्या नुकतीच झाली होती. परत आली ती जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या चढत. गाळ वाढला होता. नेहमीसारखा नखभर नाही, सगळीकडे चांगलाच, आणि बांधाजवळ तर वीतभर. एका महिन्यात इतका गाळ बसलेला तिने कुठे वाचलाही नव्हता. दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं. मग तिने वेफर्सचं पाकीट कल्पिताच्या हातात दिलं आणि अगदी सहज विचारलं, "मी नव्हते तेव्हा तिथे कोणी गेलं होतं का?"

"त्या चिखलात कोण कडमडायला जातंय?" कल्पिता म्हणाली.

हे ती का बोलली, ते तिचं तिलाही कळलं नाही. लाज वाटली असेल, किंवा सगळं जागच्या जागी ठेवलंय, मग उगाच कशाला सांगायचं असं वाटलं असेल. नाफुलाने मान डोलावली. तू म्हणतेस म्हणजे झालंच, असं म्हणून ती खाली जेवायला आली.

जेवताना ती इतकी खुशीत होती की आईने विचारलंच, एवढं काय मिळालं त्या चिखलात. तेव्हा नाफुलाने भाताच्या टोपात चमचा उभा खोचला. हा खुंट, म्हणाली. वरून थोडा भात घातला. आता चमचा कमी दिसतो, म्हणजे भात वाढला. चमचा किती दिसतो तेवढंच मी दर महिन्याला मोजते. चमचा हलला नाही, तरच भात वाढला म्हणता येतं. चमचाच कोणी खाली दाबला तर सगळंच खोटं. तिच्या मोडक्या मराठीतसुद्धा ते अगदी नीट समजत होतं. आईचा हात वाढता वाढता थांबला. बाबांनी ताटातून मान वर केली नाही. कल्पिताच्या कानात फक्त दगडाचे ठोके वाजत होते, दणादण.

त्या दिवसापासून तिच्या जिवाला स्वस्थता म्हणून राहिली नाही. सकाळी बस घोडबंदर रोडवर अडकली की एरवी ती डुलकी काढायची. आता खिडकीबाहेर बघत मनात वाक्यं जुळवायची आणि मोडायची. ऑफिसात एकाच बिलाची एंट्री तिने दोनदा केली. घरी पाय टाकला की आधी कान वरच्या मजल्याकडे. वर नाफुला कोणाशी तरी हसून बोलत असायची. कधी तिची केनियातली प्राध्यापिका, कधी मैत्रिणी. आई वर माशांचं कालवण पाठवायची, परवा पापलेट, काल कोलंबी. शेवटी नाफुलाने कल्पिताला विचारलं की मला सासरी पाठवायचं ठरवलंय का, एवढे लाड कशाला. कल्पिता हसली. ते हसूही तिला नंतर दिवसभर टोचत राहिलं.

तिने बाबांकडे विषय काढला. बाबा म्हणाले, चिखल जास्त निघाला तर कोणाचं काय मेलं, कमी तर नाही ना निघाला? मग आवाज खाली आणून म्हणाले की खुंटांना वन खात्याची परवानगी आहे, ते आपण उपटले हे कागदावर आलं तर कोर्टातला दावा संपला. यात खोटं काही नव्हतं. बाबांची भीती खरी होती, म्हणूनच कल्पिताला त्यांच्यावर धड चिडताही येईना.

मंगळवारी नाक्यावर राजरत्न भेटला. तो नाफुलाचे आकडे बघून आला होता आणि त्याचा चेहरा खुलला होता. म्हणाला, शुक्रवारी ती शोधनिबंधाचा सारांश एका परिषदेला पाठवतेय, हे छापून आलं तर तिचं नाव होईल. मला आधी शंका होती की कोणीतरी छेडछाड केली असेल, पण तिने लिहिलंय की गावातल्या माणसांना विचारून खात्री केली आहे.

गावातली माणसं म्हणजे कल्पिता. एकटी कल्पिता. तिच्या एका वाक्यावर नाफुला आपलं नाव घालून जगासमोर उभी राहणार होती, आणि उद्या कोणी पुन्हा मोजलं तर खोटी ठरणार होती ती. रिक्षावाला ओरडेपर्यंत कल्पिता रस्त्यातच उभी होती.

बुधवारी संध्याकाळी ती गच्चीत गेली. नाफुला दोरीवरून चादर काढत होती. कल्पिताने दुसरं टोक धरलं आणि घडी घालता घालता सांगून टाकलं. लाल रंग, रविवार, भावकी, साताच्या पोटातली रेघ, बाबांचा दगड. नाफुला ऐकत होती. चादरीची घडी पूर्ण झाली तरी तिने ती हातातच धरून ठेवली.

"कोणी उपटले?"

"सगळ्यांनी. मी पण."

"आणि मी विचारलं तेव्हा?"

"तेव्हा मी खोटं बोलले," कल्पिता म्हणाली.

नाफुलाने चादर कठड्यावर ठेवली. मग म्हणाली, "उपटलेत ते मी समजू शकते. पण मी तुला विचारलं होतं, कल्पिता. दुसऱ्या कोणाला नाही, तुला." एवढं बोलून ती खोलीत गेली. दार तिने आपटलं नाही, आणि ते न आपटणंच कल्पिताला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी नाफुला बॅग घेऊन टिटवाळ्याला राजरत्नच्या आईकडे गेली. जाताना सगुणाच्या पाया पडली, बाबांना नमस्कार केला; कल्पिता तेव्हा ऑफिसात होती. वरचा मजला गप्प झाला. आईने दोन दिवस मासे आणले नाहीत. तिसऱ्या दिवशी बाबा स्वतःहून इस्त्रीचा शर्ट घालून तयार झाले आणि कल्पिताला म्हणाले, चल. कल्याणला गाडी बदलून दोघं टिटवाळ्याला पोचले. वाटभर बाबा मोबाइलचा पट्टा बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिले.

राजरत्नच्या आईने चहा ठेवला. बाबा खुर्चीच्या कडेला बसले. गावात ज्यांच्यापुढे माणसं उठून उभी राहतात ते काळुराम त्या छोट्याशा हॉलमध्ये शब्द शोधत होते.

"बाय, चुकलं," शेवटी म्हणाले. "कुठं कुठं ठोकायचं ते दाखव. मी सोता ठोकून देतो."

"तुम्ही नका ठोकू," नाफुला म्हणाली, आणि राजरत्नची आई फस्सकन हसली. नाफुलालाही हसू आलं, पण ते तिने आवरलं. मग ती हळूहळू, शब्द जुळवत बोलली. सारांश तिने पाठवला नव्हता. प्राध्यापिकेला खरं काय ते कळवलं होतं, तुमचं नाव न घेता. वर्षाची मोजणी फुकट गेली होती, ती आता पहिल्यापासून. परवानगी मी वन खात्याच्या ऑफिसातून आणली, म्हणाली, पण ज्या घरात जेवते तिथे कधी विचारलं नाही की आगर कोणाचं. माझ्या आजीच्या मक्यात रस्त्याचे दगड आले होते, तेव्हा तिनेही ते उपटून विहिरीत टाकले होते. लहान होते मी, टाळ्या वाजवल्या होत्या. इतकं बोलून तिने कल्पिताकडे पाहिलं, आणि चेहऱ्यावरचं सगळं मऊपण गेलं.

"खुंट उपटल्याचं ठीक आहे," ती म्हणाली. "तुझं वेगळं आहे."

कल्पिताने रिकामे कप उचलले आणि आत नेऊन विसळले.

जानेवारीच्या अमावास्येला खुंट नव्याने ठोकले गेले. नाफुला परत वर राहायला आली होती, पण गच्चीत दोघी एकत्र जायच्या थांबल्या होत्या. आगरात उतरायच्या आधी बाबांनी बांधावर नारळ फोडला, मीठ पिकवायला सुरुवात करताना आजोबा फोडायचे तसा. या वेळी नाफुलाने टोकं निळी केली, आणि तो रंग बाबांनी पसंत केला. पण तिचा व्हिसा जूनपर्यंतच होता आणि मोजणी पुढच्या जानेवारीपर्यंत चालायला हवी होती. राजरत्न तोवर बंगलोरला जाणार होता. मग मोजणार कोण, असं बाबांनी विचारलं.

"कल्पिता," नाफुला म्हणाली. कल्पिताला विचारलंसुद्धा नाही.

आणि शिकवलंही तसंच, दयामाया न दाखवता. पट्टी कशी धरायची, डोळा खुंटाच्या पातळीला कसा आणायचा, म्हणजे चिखलात कसं वाकायचं. प्रत्येक खुंट तीनदा मोजायचा. आकडा कितीही विचित्र आला तरी तोच लिहायचा, जवळचा बरा दिसणारा नाही. कल्पिताने सँडल सोडून दिल्या आणि अनवाणी उतरायला लागली. रविवारचं डोंबिवली नाफुलाने पुन्हा सुरू केलं ते थेट एप्रिलमध्ये, तेही स्वतःच्या पायातली चप्पल तुटली म्हणून. त्या दिवशी दोघींनी चपला खरंच विकत घेतल्या.

जूनमध्ये ती गेली. विमानतळावर आई रडली, बाबांनी सुक्या बोंबलांचं पाकीट तिच्या बॅगेत इतकं आत घातलं की तपासणीत सापडू नये. कल्पिताला नाफुलाने मिठी मारली, पट्टी तिच्या हातात दिली आणि आत निघून गेली.

पुढच्या अमावास्येला कल्पिता एकटी आगरात उतरली. ऑफिसात तिने खरं कारण सांगितलं होतं आणि कोणाचाही विश्वास बसला नव्हता. चिखल मांड्यांपर्यंत आला, खेकडे पायाजवळून पळाले, पट्टी दोनदा हातातून निसटली. पहिल्या खुंटाचा आकडा तिने तीनदा घेतला आणि नाफुलाला मेसेज केला.

लगेच उत्तर आलं. "पुन्हा मोज."

कल्पिताला क्षणभर राग आला. इतका की ती मोठ्याने एक शिवी घालून मोकळी झाली, तीच, जिचा अर्थ कधीतरी नाफुलाने तिला विचारला होता. मग तिने ओढणी कमरेला खोचली, गाल चिखलाला टेकेल इतकी वाकली आणि पुन्हा मोजलं. आकडा तोच आला. तो तिने पाठवला, थोडा वेळ थांबली. पलीकडून फक्त पुढच्या खुंटाचा क्रमांक आला, आणि ती त्या खुंटाकडे निघाली.